निवत्या भट्टीची नानकटाई

अमीनभाई, तुम्हाला कब्रस्तानात पोचवून माणसं परत आली तेव्हा तुमची भट्टी तापलेलीच होती. त्या पहाटे पाव निघाले, खारीचे पत्रे आत गेले, आणि तुम्ही छातीवर हात ठेवून पिठाच्या पोत्यावर बसलात ते बसलातच. ती खारी आतल्या आत जळून कोळसा झाली. भट्टीकडे बघायचं भान कुणाला होतं? आम्ही बायका मागच्या खोलीत जुबेदाभाभींना धरून बसलो होतो आणि आमच्या पाठी भट्टीच्या भिंतीला टेकलेल्या होत्या. बाहेर परतीच्या पावसाची भुरभुर चालू होती, अंगात हुडहुडी भरली होती, आणि भिंत ऊन होती. तुम्हाला नेलं तरी तुमची भिंत आम्हाला शेकत होती. तोवर मला रडू आलं नव्हतं. तिथं आलं.

मग ती भिंत गार पडली. शटर खाली आलं. कारागीर त्याच्या गावी निघून गेला. इम्रान, माझ्याच हाताखाली सातवी झालेला तुमचा मुलगा, मला म्हणाला, "बाई, हिंजवडीची नोकरी सोडून मी भट्टीपुढे उभा राहू का? गाळा भाड्यानं देऊन टाकू." मोबाइलच्या दुकानवाला एक जण जागा बघूनही गेला. पोराचं काही चुकतंय असं मी म्हणत नाही. पहाटे उठून घाम गाळायचा धंदा त्यानं कशासाठी करावा? पण दिवाळी तोंडावर आली आणि बायका मला रस्त्यात अडवून विचारायला लागल्या, "बाई, यंदा नानकटाई कुटं भाजायची?" जणू तुमच्या भट्टीचा कारभार माझ्याकडेच होता. आणि शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर, अमीनभाई, चटपटीत खाऊच्या पाकिटांच्या माळा परत लटकल्या आहेत. तुमच्यामागच्या पहिल्याच शनिवारी लटकल्या. मी तोंड फिरवून वर्गात गेले.

तुमचं वय, तुमचं घराणं, बेकरी कुणी कधी घातली, हे ज्यांना सांगायचं ते सांगतील. मला तुमच्याशी बोलायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि अर्धवट भांडण मला पचत नाही. तुम्हीच म्हणायचात ना, "बाईंना उपास जमंल, पर भांडणाबिगर दिवस जायचा न्हाई."

पहिलं भांडण आठवतं? मी बदली होऊन पौडला नवीनच आले होते. मी सोलापूरकडची, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. इथं जेवायला भात, आणि सकाळी न्याहारी म्हणजे चहा आणि तुमची खारी. वर्गातली निम्मी पोरं चहात खारी बुडवून खाऊन यायची आणि मधली सुट्टी व्हायच्या आत माना टाकायची. मी तणतणत दुकानात आले. "तुमची खारी खाऊन माझी पोरं वर्गात पेंगतात," म्हटलं. तुम्ही गल्ल्यामागून उठलासुद्धा नाहीत. "बाई, माझी खारी एवढी हलकी हाय की खाल्ल्याली कळत न्हाई. पेंगत्यात ती तुमच्या शिकवण्यानं." दुकानातली माणसं हसली. मलाही हसू आलं होतं, पण रागावून आले होते, मग हसायचं कसं? घरी जाऊन हसले.

त्या खारीचा तुम्हाला गर्व होता. गिऱ्हाइकासमोर एक उचलून हातात मोडायचात आणि पापुद्रे मोजायला लावायचात. मी म्हणायची, पापुद्रे पुष्कळ आहेत हो, पण पोटात काय राहतं? तुम्ही म्हणायचात, "बाई, खाणं म्हंजे निस्तं पोट व्हय? जिभंचा बी काय हक्क हाय का न्हाई?" तुम्ही अगदीच चुकत नव्हतात.

आपली खरी गाठ पडली ती दिवाळीत. पौडच्या बायका सणाआधी पीठ, तूप, पिठीसाखर आणि वेलदोडे घेऊन तुमच्या मागच्या दाराशी यायच्या. घरचं साहित्य, भट्टी तुमची. डब्यांवर खडूनं नावं लिहायची, ओळीनं मांडून ठेवायचे, आणि आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसून गावाची उणीदुणी काढायची. भट्टी पहाटे एकदा नीट पेटवायची अशी तुमची रीत. पाव तेज आगीत, खारी मधल्या आचेवर, आणि नानकटाई सगळ्यात शेवटी, निवत्या भट्टीत. "नानकटाईला आग लागत न्हाई बाई, आगीची आठवण लागती," असं तुम्ही म्हणायचात. असली वाक्यं तुम्ही गिऱ्हाईक बघून टाकायचात, हे मला ठाऊक होतं. तरी ते लक्षात राहिलं.

मी मैद्याऐवजी गव्हाची कणीक आणायची. तुम्ही कपाळाला हात लावायचात. "बाई, ह्याची नानकटाई न्हाई हुत, वरवंटा हुतो." तरी भाजून द्यायचात. माझी ही तऱ्हा सगळ्यांना माहीत झाली होती आणि त्यातूनच ती गंमत घडली.

त्या वर्षी वरच्या वाडीवरच्या हौसाबाई बाजाराला उतरल्या होत्या. गिरणीतून नाचणी दळून घेतली, तहसील कचेरीत दाखल्याचं काम होतं, तेवढ्यापुरता डबा तुमच्या बाकावर ठेवून गेल्या. गर्दीत कुणीतरी तो ओळीत सरकवला, माझ्या तुपाच्या डब्याशेजारी. माझ्या डब्यावरचा खडू पुसला गेलेला. तुम्ही झाकण उघडलंत, आत मातकट पीठ. दुसऱ्या कुणाच्या नावावर असतं तर तुम्ही थांबून विचारलं असतंत. पण तूप माझं, म्हणजे पीठही माझंच, आणि बाईंचं काय, त्या काहीही आणतील. तुम्ही स्वतः ते मळलंत, स्वतः वळलंत आणि भट्टीत सारलंत.

पत्रा बाहेर आला तेव्हा मी ओरडलेच. "ही माझी नव्हे!"

"तुमचीच. तूप तुमचं, साखर तुमची. म्हनलं, कणकीनं समाधान हुईना, आता बाईंनी काळं पीठ काढलं."

तेवढ्यात हौसाबाई दारात. "माझा नाचणीचा डबा ठिवलावता हितं. कुटं गेला?"

तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, अमीनभाई. आधी आतून जुबेदाभाभींचं हसू ऐकू आलं. मग बाकावरच्या बायका. हौसाबाई मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या. "हसताय काय? घरच्यांच्या भाकरी व्हत्या त्यात!" तुम्ही माझी कणीक न विचारता त्यांच्या डब्यात ओतलीत. माझी कणीक, बरं का! वर निम्मी नानकटाई कागदात बांधून त्यांच्या हातात दिलीत. त्यांनी रागानं एक तोंडात टाकली आणि चावता चावता थांबल्या. "ह्ये आमच्या नाचणीचं हाय? आईच्यान?" दुसरी उचलली. "आमी जल्मभर भाकरीच थापल्या की वो."

ती नानकटाई घेऊन मी कुरकुरत घरी गेले. पुण्याहून माझी नणंद आली होती, तिनं विचारलं, चॉकलेटची का गं? तिचं खाऊन होईस्तोवर मी काही बोलले नाही. डबा संपल्यावर सांगितलं. ती अजून विश्वास ठेवत नाही.

पण गंमत तिथंच संपली असती. ती पुढे गेली ती हौसाबाईंच्या नातीमुळे. चंदा माझ्या चौथीच्या वर्गात होती. वाडीवरून चालत यायची. डबा खाताना झाकण आडवं धरायची. मला वाटलं, उष्टं पडू नये म्हणून. मग एकदा बघितलं, आत नाचणीची भाकरी आणि शेजारच्या पोरी कुजबुजत होत्या, "काळी भाकरी, काळी भाकरी." त्यांच्या हातात चकचकीत पाकिटं, त्यातली पिवळी पिवळी नळकांडी बोटाला रंग लावणारी. आणि सगळ्यात सकस डबा ज्या पोरीचा, तीच तोंड लपवून जेवत होती. पुढे पुढे ती डबा आणायचीच बंद झाली.

हे मी तुम्हाला येऊन सांगितलं. भांडायला नाही, नुसतं सांगायला. तुम्ही हातातला पत्रा खाली ठेवलात. मग म्हणालात, "आमच्या अम्मानं बी नाचणीच खाऊ घातली बाई. मी बी असाच झाकून खायचो." आणि पुढे, स्वतःशीच बोलल्यासारखं, "पर बिस्कीट कुणी झाकून खात न्हाई."

लगेच माघारही घेतलीत. "पर पोरं तोंडात धरायची न्हाईत हां. सांगून ठिवतो." पण मी एकदा धरलं की सोडत नाही, हे तुम्हाला माहीत होतं.

शनिवारी सकाळची शाळा. पोरं रिकाम्या पोटी येतात आणि फाटकासमोर पाकीट फोडतात. शनिवारी नाचणीची नानकटाई द्यायची असं मी पालकांच्या सभेत मांडलं. एक जण उठून म्हणाले, पाकीट सीलबंद असतं, बेकरीतल्या मालाचा काय भरवसा? दुसरे म्हणाले, गरिबाचं खाणं आमच्या पोरांना कशाला? मी उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच तुम्ही दारातून आत आलात, हातात ऊन पत्रा. नानकटाई फिरवलीत फक्त. ज्यांना गरिबाचं खाणं नको होतं त्यांनी परत हात पुढे केला. सभा तिथंच संपली, आणि मी तयार केलेलं सगळं भाषण वाया गेलं. त्याचा मला थोडा रागच आला होता.

पहिल्या शनिवारी तुम्ही फाटकाच्या खांबाआड उभे होतात. तुम्हाला वाटलं मी बघितलं नाही. पोरं खातात की टाकतात, ते बघायला आला होतात. मी वर्गात सांगितलं, ही नाचणी चंदाच्या आजीच्या रानातली आहे. पोरांनी चंदाकडे बघितलं. तिनं मान खाली घातली, मग हळूच वर केली. त्या दिवशी तिला तीन मैत्रिणी नव्यानं मिळाल्या आणि तुम्ही खांबाआडून डोळे पुसत पसार झालात. धूर गेला असेल डोळ्यांत, नाही का?

पुढे त्याला फुटवे फुटत गेले. हौसाबाईंना भूगावकडच्या एका प्लॉटवाल्यानं वरच्या रानासाठी लकडा लावला होता. नाचणी कोण खातंय आता, रान पडीक टाकायचं की देऊन मोकळं व्हायचं, अशी त्यांच्या घरात चर्चा होती. तुम्ही पोतं मागायला लागलात तशी त्यांनी उतारावरची शेतं पुन्हा पेरली. त्यांचं बघून वाडीवरच्या आणखी दोघी-तिघींनी. नाचणीला ना खताच्या गोण्या लागतात, ना फवारणी, डोंगराच्या मातीला धरून वाढते ती. पोतं खाली यायचं आणि जाताना हौसाबाई तुमच्या भट्टीची राख घेऊन वर जायच्या, भाजीच्या वाफ्यांना. शाळेमागच्या ओढ्याच्या मोरीचंही तेच. दर पावसाळ्यात ती पाकिटांनी तुंबायची, घाण पाणी पटांगणात यायचं आणि अर्धी शाळा जुलाबानं घरी. पोरं शनिवारी नानकटाईसाठी घरून डबी आणायला लागली, मग इतर दिवशीही खाऊची डबी आणायला लागली आणि पाकिटं कमी झाली. मोरी त्यानंतरही तुंबली, खोटं कशाला सांगू. पण आता बांबूनं ढोसलं की सुटते. पूर्वी माणसं उतरवावी लागायची.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं मात्र कुणी समजू नये. त्या फळकुटांवरून आपण कडाकडा भांडलो होतो. भूगावला इमारतींची कामं निघाली होती आणि तिथली टाकाऊ प्लायवुडची फळकुटं तुम्हाला टेम्पो भरून मिळायला लागली. धुराला उग्र वास. पावालाही तो लागायचा. मी म्हटलं, अमीनभाई, रंग आणि गोंद जाळताय, हाच धूर पोरांच्या पोटात चाललाय. तुम्ही उसळलात. "लाकूड जाळलं तर म्हंता भट्टी डोंगर खाती. फळकुटं जाळली तर म्हंता ईख जाळतो. मग काय हातपाय घालू का भट्टीत?" मी दुकानात पाय ठेवायचा नाही असं ठरवून निघाले. माझं तुम्ही ऐकलं नाहीतच. पण पुढच्या आठवड्यात हौसाबाई हाताला चिंधी बांधून आल्या. राखेतला खिळा तळहातात घुसला होता. त्या तुम्हाला रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "आता राख नगं बाबा." तुम्ही दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याला परत पाठवलंत. वखारीतलं लाकूड पुन्हा सुरू झालं, आणि ते पुरावं म्हणून तुम्ही संध्याकाळी वडापाववाल्यांच्या पावांसाठी भट्टी दुसऱ्यांदा पेटवणं कायमचं बंद केलंत. वडापाववाले चिडले. त्यांना तुम्ही सांगितलंत, गुडघे दुखतात. मला कधीच काही सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही. गॅसच्या भट्टीचा विषय काढला की तुम्ही पळ काढायचात, तो वाद तसाच राहिला.

आणि राहिला तो साखरेचा वाद.

तुम्हाला मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, बेकरीवाल्यानं बेकरीचं खायचं नाही. तुम्ही नाचणीच्या भाकरीवर आलात, जुबेदाभाभी थापून द्यायच्या. गल्ल्यावर बसून, सगळ्यांसमोर, झाकण न धरता खायचात. नानकटाई मात्र नुसती मोडून नाकाशी धरायचात आणि माझ्यापुढे करायचात. "बाई, तुमी सांगा कशी झालीय. माझी जीभ डाक्तरानं काढून घेतली." दर शुक्रवारी मी शाळेचे डबे न्यायला यायची. भाभी बिनसाखरेचा चहा करायच्या आणि आपण सुरू व्हायचो.

"साखर कमी करा."

"कमी केली तर नानकटाई न्हाई, काढा हुईल."

"तुमचं काय झालं ते बघताय ना? ही पोरं उद्या मोठी होतील."

"अन् आज परत पाकिटाकडं गेली म्हंजे? मग तुमीच रडत याल."

मग तुम्ही फळीवरचा तो मोठा पितळी पेला उतरवायचात आणि माझ्या नाकासमोर धरायचात. "ह्ये माप. अब्बाच्या येळंपासनं ह्येच. मी हाय तवर ह्येच ऱ्हानार." मी म्हणायची, डोकं आहे की खांब? तुम्ही म्हणायचात, खांब हाय म्हणून छप्पर हाय. चहा गार व्हायचा. भाभी कधी मध्ये पडायच्या नाहीत, पदर तोंडाला लावून भांडी घासत बसायच्या. किती वर्षं हे चाललं? पुढल्या शुक्रवारी काय बोलायचं ते मी मंगळवारपासूनच मनात जुळवायची. शेवटच्या शुक्रवारीही मी चिडून निघाले, पायरी उतरले तेव्हा तुमचं हसणं मागून ऐकू आलं. "या बाई, फुडच्या शुक्रवारी. वाट बगतो."

तुमच्या जाण्याचा दोष मी साखरेला देणार नाही, धुरालाही देणार नाही. माणूस जातो. पण एक गोष्ट सांगायची राहिली. तुमची खारी फार चांगली होती. तिच्या पापुद्र्यांत कुठंही तुपाचा गोळा लागत नसे. दर रविवारी मी ती चहाबरोबर खात होते. हे मी तुमच्या तोंडावर कधीच म्हटलं नाही, कारण तुम्ही ते गावभर सांगत सुटला असतात. आता सांगते आहे. सांगा हवं त्याला.

काल इम्रान घरी आला. "अम्मीनं बोलावलंय. मागच्या दारानं या, आणि पीठ घेऊन या."

गेले तर मागच्या अंगणात निम्मं पौड. बायका डबे घेऊन बसलेल्या, खडूनं नावं लिहिलेली. हौसाबाई नाचणीचं पोतं घेऊन उतरलेल्या, बरोबर चंदा, बारावी झालेली, आता माझ्याहून उंच. भाभी पांढऱ्या ओढणीत, हात कोपरापर्यंत पिठात. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "इद्दत हाय बाई, चार म्हयनं धा दिस. उंबऱ्याभाईर पाऊल टाकता येत न्हाई मला. पर भट्टी उंबऱ्याच्या आतच हाय न्हवं?"

त्या कितीतरी वर्षं त्या भट्टीच्या भिंतीला लागून स्वयंपाक करत होत्या. कोणतं लाकूड केव्हा, आच केव्हा उतरते, त्यांना सगळं पाठ होतं. इम्रान ऑफिसची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून भट्टीपुढे उभा होता, काजळीनं तोंड माखलेलं. आदल्या दिवशीच पेटवून त्यानं भट्टी आतून कोरडी केली होती म्हणे. पहिलं जळण नीट लागलं नाही, सगळीकडे धूरच धूर. भाभी आतून ओरडल्या, "अरे, मदी मोकळी जागा ठिव! तुझे अब्बा काय नुसतं कोंबत व्हते का?" दुसऱ्या वेळेला धडधडून पेटली. मग ती निवायची वाट बघत सगळ्या बसल्या. मी भिंतीला पाठ लावली. भिंत हळूहळू ऊन होत होती.

"गाळ्याचं काय ठरलं रे?" मी इम्रानला विचारलं.

"पुढचा गाळा दिला तरी भट्टी मागंच राहते की बाई. शनिवार-रविवार मला सुट्टीच असते. शनिवारची पहाट माझी. बाकीचं बघू." एवढं बोलून तो पत्रे पुसायला लागला. नुसतं 'बघू'च म्हणाला, पण ते म्हणताना त्याचा हात थांबला नव्हता.

घरोघरच्या डब्यांच्या आधी भाभींनी शाळेची नानकटाई घेतली. नाचणी चाळली, तूप फेसायला घेतलं. साखरेची वेळ आली तेव्हा मी मुकाट्यानं उठले, फळीवरचा पितळी पेला काढून त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, आज नाही भांडायचं. आज तुमच्या मापानं होऊ दे.

भाभींनी पेला घेतला आणि बाजूला ठेवून दिला. पेल्यात ठेवलेली काडेपेटी खडखडली. मग त्यांनी साखरेच्या डब्यात हात घालून कान तुटलेला एक चहाचा कप बाहेर काढला.

"भाभी, माप हे आहे ना?"

"न्हाई बाई. त्यो दाखवायचा पेला." त्यांनी कपानं साखर घातली, बोटानं काठ सारखा केला. "आदी पेला भरून जायची. मग जरा उणा. मग आनखी उणा. आता लई वर्सं झाली, ह्यो कपच हाय. त्ये म्हनायचे, पोरांच्या जिभंला कळू द्यायचं न्हाई, हळूहळू उतरायचं, नानकटाईला आच उतरती तसं."

दर शनिवारी मी ती खात होते. मलाही कळलं नव्हतं.

"मग माझ्याशी दर शुक्रवारी भांडत का होते?"

भाभींनी वर बघितलं. डोळे भरले होते आणि ओठ हसत होते. "त्येच म्हनायचे, बाईंना सांगू नगंस. भांडान मिटलं तर यायच्या बंद हुतील."

अमीनभाई, त्यानंतर बराच वेळ मी काही बोलले नाही. तुम्ही म्हणाला असतात, पौडमधला चमत्कार.

पहिला पत्रा बाहेर आला. नानकटाई मातकट, वर बारीक चिरा पडलेली, वेलदोड्याचा वास सुटलेला. भाभींनी एक मोडून नाकाशी धरली आणि माझ्यापुढे केली, अगदी तुमच्यासारखी. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. हौसाबाई, चंदा, काजळी लागलेला इम्रान. मी ती तोंडात टाकली. अगदी बेताची गोड होती, आणि नाचणीची चव मागून येत होती. डोळ्यांतलं पाणी पुसलं.

"साखर अजून जास्त आहे," मी म्हटलं. "पुढच्या शुक्रवारी येते भांडायला."

तुम्ही गेल्यापासून जुबेदाभाभी पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. "या बाई," म्हणाल्या, "वाट बगते."